उन्हाळ्यात गाडी ओढत का नाही? इग्निशन टायमिंग, गरम हवा आणि ती स्वस्त 'पॉवर चिप'

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आमच्या सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश ठरलेले. त्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं, "काय बे, गाडी ओढंना की!" मग कुणी पेट्रोल पंपाला शिव्या घालतो, कुणी मेकॅनिकला. कुणी मोबाइलवर शोधून काही शे रुपयांची 'पॉवर चिप' मागवतो. आजचा भाग खरं तर त्या चिपमुळेच करतोय. मी सॉफ्टवेअरवाला, गॅरेजवाला नाही. पण गाडीच्या ईसीयूमध्ये जे चालतं ते शेवटी सॉफ्टवेअरच आहे, आणि ते समजलं की चिपचा खेळही समजतो.

आधी टायमिंग म्हणजे काय ते बघू. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो आणि प्लग ठिणगी टाकतो. पण ठिणगी पिस्टन पार वर पोचल्यावर टाकून चालत नाही, कारण आग पसरायला वेळ लागतो. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. म्हणून ठिणगी आधीच टाकायची, साधारण २५-३० अंश आधी. याला म्हणतात ॲडव्हान्स. ठिणगी उशिरा टाकली तर रिटार्ड. जास्तीत जास्त दाब पिस्टन खाली निघाल्यावर लगेच, म्हणजे १५ अंशांच्या आसपास मिळाला, तर ढकलायची ताकद सगळ्यात चांगली मिळते.

आता यात गरम हवा आणा. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना हाताला जाणवतं तसं. कॉम्प्रेशन रेशो १० धरा. कागदावरच्या हिशोबाने २७ अंशाची हवा दाबल्यावर जवळपास ४०० अंशांवर जाते. तीच हवा आत येतानाच ५७ अंशाची असेल तर साधारण ४६५! बाहेर ३० अंशांचा फरक, आत ६५ चा. प्रत्यक्षात थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते, त्यामुळे आकडे कमी येतात, पण फरक वाढतो हे खरंच.

मग काय होतं? प्लगजवळ पेटलेली आग पसरत जाते आणि कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला आणखी दाबते. ते आधीच तापलेलं असेल तर आग पोचायच्या आत आपोआप पेटतं, एका झटक्यात. तोच तो टकटक आवाज, नॉकिंग. चढावर मोठ्या गिअरमध्ये रेस दिली की डबीत खडे हलवल्यासारखा येतो. हे रोज होत राहिलं तर पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगांमधली जागा तुटते, हेड गॅस्केट जातं.

यावर उपाय म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकायची. त्याने सर्वोच्च दाब कमी होतो आणि कोपऱ्यातलं मिश्रण वाचतं. किंमत म्हणजे ताकद थोडी जाते आणि सायलेन्सरकडे जाणारा वायू जास्त गरम होतो. शिवाय गरम हवा विरळ असते. २५ अंशाच्या तुलनेत ४५ अंशाला एका श्वासात सुमारे ६ टक्के हवा कमी मिळते. दोन्ही मिळून 'ओढंना की'. म्हणजे बहुतेक वेळा तो बिघाड नसतो, गाडी स्वतःला सांभाळत असते.

जुन्या गाड्यांना हे कळायचंच नाही. आपल्या सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कंपनीच्या पद्मिनीत डिस्ट्रिब्युटर होता. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जायची आणि टायमिंग पुढे सरकायचं. बाहेर हिवाळा आहे की मे महिना, याची त्याला काही खबर नाही. मेकॅनिक कानाने ऐकून डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवायचा.

आजच्या ईसीयूत तेच काम टेबल करतं. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, प्रत्येक चौकोनात ॲडव्हान्सचा आकडा. त्यात हवेच्या तापमानाची दुरुस्ती मिळवतात. उदाहरणादाखल : ४० अंशाला शून्य, ५० ला उणे १, ६० ला उणे ३. मग ५५ ला? मधला आकडा, उणे २. कोडिंग शिकणाऱ्यांनो, हेच ते लिनियर इंटरपोलेशन. बऱ्याच कारमध्ये वर नॉक सेन्सर असतो. आवाज पकडला की टायमिंग पटकन मागे आणि मग हळूहळू पुढे. छोट्या बाइकमध्ये मात्र हा सेन्सर बहुधा नसतो, तिथे सगळी मदार टेबलवर.

कारमध्ये ओबीडी अडॅप्टर लावला तर मोबाइलवर इनटेक टेंपरेचर दिसतं. मे महिन्यात दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहिलात की आकडा चढताना दिसेल आणि होटगी रोडला मोकळं धावलात की उतरताना. कारण बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम असते.

आता ती चिप. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर साधा असतो. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. चिपच्या नावाखाली विकतात तो बऱ्याचदा नुसता रेझिस्टर असतो. तो ईसीयूला सांगतो, 'हवा थंडगार आहे.' ईसीयू विश्वास ठेवतो, पेट्रोल जरा जास्त सोडतो आणि गरम हवेसाठीचा रिटार्ड काढून टाकतो. गाडी चपळ वाटते. पण वाटते केव्हा? ४३ अंशात, जेव्हा त्या रिटार्डची खरी गरज असते तेव्हाच. पुढे डिलिव्हरी करणाऱ्या पोराची बाइक भर दुपारी, मागे ओझं घेऊन पुलावर चढते, तिच्यात नॉक सेन्सर नाही. इंजिन गेलं तर त्याची रोजीरोटी थांबते आणि सेन्सरशी छेडछाड दिसली की वॉरंटीचंही अवघड होतं.

मग करायचं काय?

एक, नॉकिंग ऐकू आलं तर खालचा गिअर टाका, वरच्या गिअरमध्ये रेटू नका. कमी वेग आणि जास्त ओझं, नॉकिंगला हेच लागतं.

दोन, एअर फिल्टर आणि त्याचा पाइप कंपनीने ठेवलाय तिथेच राहू द्या. उघडा फिल्टर इंजिनशेजारी बसवला तर तो गरम हवाच ओढणार.

तीन, कूलंट आणि प्लग उन्हाळ्याच्या आधी तपासा.

चार, पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने भरपूर, त्यामुळे इथेनॉलचा विषय घराघरांत. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं. साधं बीएस-६ पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं, तर ई-२० साठी ९५ चं मानक आहे. पण तुमच्या गाडीला ई-२० चालतं का, हे मॅन्युअलमध्ये बघा.

पाच, रिमॅप करायचाच असेल तर ट्यूनरला तीन प्रश्न विचारा : तापमानाच्या दुरुस्तीचं टेबल तसंच ठेवलंय ना? गाडी उन्हाळ्यात चालवून तपासली का? नॉकचा लॉग दाखवाल का? डिसेंबरात पुण्यात जमलेलं टायमिंग सोलापूरच्या मे महिन्यात जमेलच असं नाही. उत्तर देताना समोरचा अडखळला तर किल्ली घेऊन परत या.

पुढच्या भागात कूलंट आणि रेडिएटर फॅनबद्दल बोलू. तुमच्या गाडीत उन्हात टकटक आवाज येत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आवाजासकट. चांगल्या नोट्स त्या भागात ऐकवू. आणि ती चिप कार्टमध्ये टाकलेला एखादा मित्र असेल, तर त्याला आधी हा भाग पाठवा.