आजारपणाचा हिशेब घरागणिक

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातली लोधिवली जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. इथलं रिलायन्सचं रुग्णालय परिसरात सर्वांना माहीत आहे. मार्च 2020मध्ये करोनाच्या विलगीकरणाची सोयही याच गावात उभी राहिली. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, या पट्ट्यात आरोग्याची ददात नसणार. पण डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधून महामार्ग गाठायचा तर रस्ता हवा, गाडीभाडं हवं, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. 19 जुलै 2023च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकंसुद्धा पायीच वर गेली. वाडीतल्या आजाऱ्यांना एरवीही तीच वाट होती.

हा त्रास गरिबीच्या मोजमापात कितपत दिसतो? पुण्याच्या अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 1971मध्ये गरिबी मोजली ती मुख्यतः रोजच्या 2250 उष्मांकांवरून. ते काम मोलाचंच होतं. आता नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक प्रत्येक घराच्या बारा गोष्टी एकत्र पाहतो. त्यातल्या सगळ्या उणिवांचा एकूण भार 84 धरा. कुपोषणाला 14, गरोदरपणातल्या अपुऱ्या तपासण्या किंवा प्रशिक्षित मदतीविना झालेलं बाळंतपण याला 7, लाकडाच्या चुलीला 4. बेरीज 25. गरीब ठरायला 28 लागतात! म्हणजे एवढं सोसूनही असं घर यादीबाहेर. कच्च्या घराचे 4 मिळाले की आत. ही सीमारेषा मला फार कठोर वाटते. आणि बुडालेली मजुरी, औषधांसाठी काढलेलं कर्ज यांना तर त्यात जागाच नाही.

2019-21च्या पाहणीनुसार देशात 14.96 टक्के लोक असे गरीब, महाराष्ट्रात 7.81. हे प्रमाण आधीपेक्षा घटलं आहे हे खरं, आणि आनंदाचंही आहे. मात्र रायगडचा एकच आकडा काढला की पनवेलचे फ्लॅट आणि इर्शाळवाडीचा डोंगर एकाच सरासरीत बसतात.

घरागणिक चित्र उभं करायच्या नोंदी गावातच आहेत. मुलांची वजनं अंगणवाडीताईंच्या वहीत असतात, गरोदर बायांच्या नोंदी आशाताईंकडे, घरकुलाची यादी ग्रामपंचायतीत. कुटुंब मात्र एकच असतं. ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच, तुम्हाला विनंती आहे: वीटभट्टीवर कामाला गेलेली माणसं पावसाआधी वाडीवर परतली की या नोंदी घरागणिक एकत्र मांडा, दवाखान्याचा खर्च त्यात जोडा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.