तिसरी डिस्क नदीपलीकडे

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं आलापल्लीचा रस्ता तुटतो. २०१९ साली तर पाणी घरांत शिरलं. अशा गावी माडिया गाण्यांची ध्वनिमुद्रणं, लग्नांचे फोटो घरच्या सर्व्हरवर ठेवायचे, तर हार्ड डिस्क कोणती घ्यावी, असं मला लोक विचारतात.

मी सांगतो, सारख्याच क्षमतेच्या दोन घ्या, पण एकाच खेपेतल्या नकोत. त्या एकाच सुमारास दगा देऊ शकतात. त्या आरसा पद्धतीनं, म्हणजे ‘रेड-१’नं जोडा. जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. चार टीबीच्या दोन घेऊन जागा चारच टीबी मिळते, म्हणून लोक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

डिस्क ‘सीएमआर’ आहे ना, हे आधी विचारा. ‘एसएमआर’मध्ये नोंदीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, एक बदलली की शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना हे काम फार रेंगाळतं. वेस्टर्न डिजिटलनं घरगुती सर्व्हरसाठी विकलेल्या काही डिस्क या जातीच्या असल्याचं २०२० साली उघड झालं, तेव्हा मोठा गहजब झाला होता.

वीज जाते, म्हणून यूपीएस हवाच.

पण जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते, आणि पूर आला तर दोघी एकाच खोक्यात बुडतात. म्हणून तिसरी, साधी पोर्टेबल डिस्क. मृगाआधी तिच्यावर सगळं उतरवून मी ती आलापल्लीला नातेवाइकांकडे पाठवतो. दिवाळीला ती परत येते. तोवरचं नवं काम मात्र दोघींवरच असतं, म्हणून सर्व्हर छताजवळच्या फळीवर ठेवला आहे.