वटवृक्षाची सावली
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



हीरक महोत्सवात यशाचा गौरव व्हावा, हे उचितच आहे. मात्र यशाची आकांक्षा बाळगणाऱ्या तरुणाला त्या आकांक्षेचे माप कोण शिकवते? या प्रश्नाचे एक उत्तर १८८६ साली कलकत्त्यानजीकच्या काशीपूर येथे, एका उद्यानगृहातील रुग्णशय्येपाशी मिळाले. शय्येवर होते पन्नास वर्षांचे श्रीरामकृष्ण परमहंस आणि उशाशी होता तेवीस वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद.

नरेंद्र बुद्धिमान होता, तेजस्वी होता आणि संकटातही होता. १८८४ साली वडील विश्वनाथबाबू अकस्मात निवर्तले. वकिलाच्या भरल्या घरावर कर्जाचा डोंगर कोसळला. राहत्या घरासाठी नातलगांनीच दावा लावला. पदवीधर नरेंद्र नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागला. काही काळ त्याने ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या शाळेत शिकवलेही. आईला आणि भावंडांना सुस्थितीत आणायचे, तर वकिलीची परीक्षा हाच राजमार्ग दिसत होता.

अशा वेळी श्रीरामकृष्णांना घशाचा कर्करोग जडला. डिसेंबर १८८५ मध्ये त्यांना काशीपूरला आणण्यात आले. नामवंत डॉक्टर महेंद्रलाल सरकार उपचार करीत होते, परंतु अन्न गिळणे कठीण आणि बोलणेही कष्टाचे झाले होते. तरुण शिष्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस शुश्रूषा मांडली. नरेंद्र त्यांचा अग्रणी होता. कायद्याची पुस्तकेही त्याने सोबत नेली होती. परीक्षा जवळ आली असताना रुग्णसेवेत वेळ दवडणे व्यवहाराला धरून नव्हते, तरीही तो तेथेच राहिला.

हळूहळू परीक्षेची ओढ ओसरली. तिच्या जागी दुसरी महत्त्वाकांक्षा आली आणि ती पहिलीहून मोठी होती. दिवसचे दिवस समाधीत बुडून राहावे, केवळ देह टिकविण्यापुरते भानावर यावे, अशी इच्छा त्याने गुरूंपुढे व्यक्त केली. शाबासकी मिळणे दूरच, त्याला खडसावण्यात आले. हा विशाल वटवृक्ष होईल, सहस्रावधी श्रांत जीव याच्या छायेत विसावतील, अशी गुरूंची अपेक्षा होती; आणि हा तर केवळ स्वतःच्या मुक्तीचा विचार करीत होता! त्या फटकाऱ्याने नरेंद्राचे डोळे पाणावले.

गुरूंनी त्याला मोठे होऊ नकोस असे सांगितले नाही. तुझे मोठेपण तुझ्यापुरतेच असेल, तर ते अजून लहान आहे, एवढेच त्यांनी दाखवून दिले. हे शहाणपण एका दिवसात अंगी बाणले नाही. नरेंद्र लोकांना शिकवील, असे श्रीरामकृष्णांनी कागदावर लिहून दिले, तेव्हा आपल्याला ते जमणार नाही असे त्याने साफ सांगितले होते.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. त्यानंतर वर्षानुवर्षे भ्रमंती झाली. १८९२ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या आणि बेळगावात भाटे वकिलांच्या घरी या अनामिक संन्याशाचे वास्तव्य घडले. रामकृष्ण मिशनची स्थापना झाली ती १ मे १८९७ रोजी, गुरूंच्या निर्याणानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी कलकत्त्यावर प्लेगची छाया पडली. तेव्हा पीडितांसाठी मठाची नवी जमीनही विकण्याची त्यांची तयारी होती. वृद्ध आईची चिंताही त्यांनी सोडली नाही. तिच्या निर्वाहासाठी खेत्रीच्या राजांना पत्र लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वटवृक्षाच्या सावलीतून स्वतःचे घर वगळलेले नव्हते.

पालकहो, आज घरात आजोबा अंथरुणाला खिळले, की नातवाच्या खोलीचे दार हलकेच लोटले जाते. ‘त्याची परीक्षा आहे, त्याला सांगू नका,’ असे म्हटले जाते. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु त्या लोटलेल्या दाराबाहेर एक वर्ग भरलेला असतो. तेथे पाणी पाजताना धीर शिकता येतो, उशी सरळ करताना नम्रता शिकता येते आणि आयुष्याच्या शेवटी माणसाला कशाची आठवण येते, हेही ऐकू येते. हा वर्ग पुन्हा भरत नाही. परीक्षा मात्र पुढच्या वर्षीही देता येते.

नरेंद्र त्या परीक्षेच्या दिवसांत गुरूंच्या उशाशी होता, म्हणूनच तो फटकारा त्याच्या कानी पडला. मुलांच्या आकांक्षा उंच असू द्या. दिवसाकाठी अर्धा तास तरी त्यांना घरातील थकल्या जिवांपाशी बसू द्या. आणि माजी विद्यार्थ्यांनो, ज्यांनी हाताला धरून अक्षरे गिरवून घेतली, त्यांपैकी काही गुरुजन आज वार्धक्यामुळे या मंडपात येऊ शकलेले नाहीत. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी त्यांच्या दारी जाऊन यावे. महोत्सवाची खरी सांगता तेथेच होईल.