अटॅकनंतरचं दुसरं दुखणं

(रौप्यमहोत्सवी आरोग्य मेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही डॉक्टर नाही. माझ्या अंगावरून जे गेलं आणि डॉक्टरांनी जे समजावलं, तेवढंच सांगतो.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाला लातूरला गेलो आणि तिथंच मला अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. आठवड्याभरानं नांदेडला घरी आलो. तुम्ही सगळे भेटायला आलात, तेव्हा 'आता ठणठणीत आहे' असंच मी सांगत होतो.

तिसऱ्या आठवड्यात रात्री छातीत पुन्हा दुखायला लागलं. अंगात बारीक ताप. आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की सुरी टोचल्यासारखं व्हायचं. उठून पुढं वाकून बसलं की बरं वाटायचं. घरच्यांची झोपमोड नको म्हणून दोन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. गुडघेदुखीची घरातली गोळीही घेतली. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या भाऊंनी मला तसं बसलेलं पाहिलं आणि काही न विचारता गाडी काढली.

दवाखान्यात ईसीजी, रक्ततपासणी, टू-डी इको झालं. दुसरा अटॅक नव्हता. हृदयाभोवती दोन पदरांची पातळ पिशवी असते, तिला हृदयावरण म्हणतात. तिला सूज येऊन थोडं पाणी झालं होतं. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला इजा होते. त्यानंतर काही आठवड्यांनी कधीकधी शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते. डॉ. विल्यम ड्रेसलर यांनी १९५६ साली अमेरिकेत याचं वर्णन केलं, म्हणून याला 'ड्रेसलर सिंड्रोम' म्हणतात. हल्ली ब्लॉक लवकर उघडतात, त्यामुळं हे दुखणं कमी दिसतं, पण दिसतं.

मला ॲस्पिरिनचा वाढीव डोस आणि कोल्चिसिन दिलं. हेच कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात असतं. पण तो कंद जहाल विषारी आहे, झाडपाला म्हणून कुणी हात लावू नका. गुडघ्याच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टर रागावले. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या अटॅकनंतर हृदयाला घातक ठरू शकतात.

तेव्हा एकच विनंती. अटॅकनंतर छातीत पुन्हा दुखलं तर ते सुजेचं की अटॅकचं, हे आपण घरी ठरवायचं नाही. आवरणात पाणी जास्त साठलं तर तेही जिवावर बेततं. १०८ ला फोन करा, शेजाऱ्याची बेल वाजवा.

पंचवीस वर्षांत आपण पाण्यावरून भांडलो, पार्किंगवरून भांडलो. पण रात्री बेल वाजली आणि दार उघडलं नाही, असं कधी झालं नाही. त्या दोन रात्री मीच बेल वाजवली नाही. तुम्ही वाजवा.