मुक्त व्यावसायिकाची वही
(भाषणाचे शब्दांकन)



आपल्या समाजाची ओळख पेढीने आणि दुकानाने घडविली. आज मात्र आपल्याच घरांतील अनेक मुलेमुली पेढीवर न बसता संगणकासमोर बसून भाषांतर, पुस्तकांची मांडणी, जाहिरातींची आरेखने अशी कामे स्वतंत्रपणे करीत आहेत. त्यांना फ्रीलान्सर म्हणण्याची रीत पडली आहे. मी मुक्त व्यावसायिक म्हणेन. तो कितपत मुक्त असतो, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे!

पेढीवर मुनीमजी असत. रोजकीर्द तेच लिहीत, खतावणी तेच करीत आणि कोणाकडे किती येणे राहिले, याची आठवणही मालकाला तेच देत. मुक्त व्यावसायिकाच्या ठायी मालक, कारागीर, मुनीम आणि वसुलीचा माणूस असे चौघे एकवटलेले असतात. त्यांतील कारागीर रात्ररात्र जागतो. उरलेले तिघे बहुधा झोपलेले असतात.

पाठपुरावा आणि तगादा यांत आपण गल्लत करतो. तगादा येणे थकल्यावर सुरू होतो. पाठपुरावा चौकशी आली त्याच दिवशी सुरू व्हावयास हवा. दरपत्रक पाठविले, आठवडाभर उत्तर नाही, की आपण मनाशी ठरवून टाकतो, त्यांना दर पटला नसावा. वस्तुतः पत्र इतर पत्रांखाली दबलेले असते, किंवा मंजुरी देणारा गृहस्थ रजेवर असतो. चार-पाच दिवसांनी दोन ओळी लिहिण्यात कमीपणा कसला? मात्र त्या ओळींत समोरच्याच्या उपयोगाचे काही असावे. “आठवण करून देत आहे” एवढेच लिहिण्यापेक्षा “मजकूर गुरुवारपर्यंत मिळाल्यास पुस्तक महिनाअखेर छापखान्यात देता येईल” असे लिहिले, तर उत्तर देणे त्यालाही सोपे जाते.

हे स्मरणावर सोपवू नये. कार्यालयांतून पूर्वी एक सोपी पद्धत असे. महिन्याच्या दिवसांच्या ३१ आणि वर्षाच्या महिन्यांच्या १२, अशा ४३ फायली. ज्या दिवशी विचारणा करावयाची, त्या दिवसाच्या फायलीत कागद ठेवावयाचा आणि रोज सकाळी त्या दिवसाची फाईल उघडावयाची. डेव्हिड अॅलन यांच्या २००१ सालच्या पुस्तकाने तीच पद्धत पुन्हा लोकप्रिय केली. आज भ्रमणध्वनीतील दिनदर्शिका हे काम करते. साधी वहीही करते. ग्राहकाचे नाव, शेवटचे बोलणे आणि पुढची तारीख, एवढे तीन रकाने पुरेत. पुढची तारीख लिहिल्याशिवाय वही मिटू नये.

पुस्तकांची मांडणी करणाऱ्या एका भगिनीचे बिल एका संस्थेकडे अनेक महिने पडून होते. कोणाची नियत वाईट नव्हती. ज्यांच्याकडे बिल दिले, ते गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर त्या बिलाची आठवणही गेली. या भगिनी भिडेपोटी गप्प राहिल्या, कारण काम ओळखीतून आले होते. “घरचेच काम आहे, पैशाचे काय एवढे” हे वाक्य आपल्याकडे फार प्रेमाने उच्चारले जाते, आणि ते बहुधा देणाऱ्याच्या तोंडी असते.

भिडेला कायदा थांबत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा रकमेचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दूरध्वनीवर झालेले बोलणे त्याच दिवशी पत्राने कळवावे आणि लेखी उत्तर मागावे.

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा याहून बळकट आहे. काम वा सेवा देणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करारातही पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही; करारच नसेल तर ती १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. एकट्याने सेवा देणारी व्यक्तीही यासाठी २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क करू शकते. ही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच केलेली बरी.

आता समोर बसलेल्या व्यापारी बांधवांकडे वळतो, कारण या मुलांचे ग्राहक पुष्कळदा आपणच असतो. २०२३ च्या वित्त कायद्याने केलेली आयकरातील दुरुस्ती करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. अशा नोंदणीकृत लहान उद्योगाचे देणे मुदतीनंतर थकविले, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा मिळतो. सूचिपत्रकाचे, आमंत्रणपत्रिकेचे, संकेतस्थळाचे एखादे बिल मेजाच्या खणात राहिले असल्यास ते उद्या सकाळी मुनीमजींच्या हाती द्यावे, आणि पैसे कोणत्या तारखेस मिळतील, ते त्या मुलाला वा मुलीला आपणहून कळवावे.