ज्यांना शाळाच मिळाली नाही

राज्यशास्त्र, लोकप्रशासन शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

 

“शिपायाच्या नोकरीला दहावी लागते, मग आमदाराला काहीच कसे लागत नाही?” हा प्रश्न आपल्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. स्टाफरूममध्ये तर आपण स्वतःच तो विचारतो. त्यामागची चीड खरी आहे. कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना मंजूर होताना आपण पाहतो आणि सभागृहात बसलेल्यांना आपण कशाला हात वर केला हे तरी कळले असेल का, अशी शंका येते. ही शंका नवी नाही. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीच्या समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी हीच खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्यांसाठी आपण मोठी पात्रता ठरवतो, पण कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे काहीच नाही, याचे त्यांना वाईट वाटत होते.

राजेंद्रबाबूंविषयी पूर्ण आदर ठेवून माझे मत सांगतो. लोकांनी निवडून द्यायच्या कोणत्याही पदाला पदवीची अट असू नये. दहावीची नको, सातवीचीही नको. पदव्या देण्याचे काम जन्मभर केलेला माणूस हे बोलतो आहे, आणि शिक्षणाची किंमत कळते म्हणूनच बोलतो आहे.

त्या घटना समितीने केलेल्या राज्यघटनेच्या 45व्या अनुच्छेदात एक मुदत लिहिलेली होती. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. म्हणजे 1960 पर्यंत. ती मुदत टळली, आणि शिक्षणहक्काचा कायदा व्हायला 2009 उजाडले. आता 2015 सालच्या हरियाणात या. तिथल्या पंचायत कायद्यात दुरुस्ती झाली. पंचायतीची निवडणूक लढवायची तर सर्वसाधारण उमेदवाराने दहावी उत्तीर्ण असले पाहिजे. महिला आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी आठवी, आणि पंचपदाला उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या महिलेसाठी पाचवी. राजबाला आणि इतर काही जण याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 डिसेंबर 2015 रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. सप्रे यांच्या पीठाने कायदा वैध ठरवला. बरे-वाईट ओळखण्याची शक्ती माणसाला शिक्षणच देते, असा त्या निकालाचा आशय होता.

तेव्हा पन्नाशीत असलेली एखादी हरियाणवी बाई डोळ्यांसमोर आणा. तिचा जन्म 1965च्या आसपासचा. राज्याने स्वतःला घालून घेतलेली मुदत तिच्या जन्माआधीच संपलेली होती. तिच्या गावात शाळा असायला हवी होती, शाळेत बाई असायला हव्या होत्या, आणि घरच्यांनी पाठवले नाही तर जाब विचारणारे कोणी असायला हवे होते. यातले काही झाले नाही. पन्नास वर्षांनी तेच राज्य तिच्याकडे दाखला मागते आणि नसेल तर अपात्र ठरवते! कर्ज बुडवणाऱ्यानेच सावकारासारखी जप्ती आणावी, असा हा न्याय आहे. तो मला मान्य नाही. राजस्थानने 2014च्या डिसेंबरात अशीच अट वटहुकमाने आणली होती. 2019 मध्ये ती काढून टाकण्यात आली, हे चांगले झाले.

आपल्याकडचे बोलायला हवे. 2017 मध्ये थेट सरपंच निवडीचा कायदा करताना महाराष्ट्राने 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्यांसाठी सातवी उत्तीर्णची अट घातली. हरियाणाच्या मानाने ही सौम्य, कारण जुन्या पिढीला तिने वगळले. पण 1995 नंतर जन्मलेल्या सगळ्यांना शाळा मिळाली, हे गृहीत कुठून आले? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. पोरे सोबत जातात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, कोपीत भाकरी थापते आणि पुढे तिचे नाव हजेरीपटावर नुसते लावलेले राहते. साखरशाळा निघाल्या, त्यांनी काही मुले वाचवली, पण सगळी नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न होऊन तीच मुलगी नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते. ती आज पंचविशी-तिशीत आहे. मुकादमाने दिलेल्या उचलीचा हिशेब, ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी किती वेळ येते, रेशन कुठे मुरते, हे तिच्याइतके कोणाला माहीत असणार? सरपंच म्हणून तिला निवडावे की नाही, हे तिच्या गावाने ठरवायचे.

“पण कागद वाचता येत नसेल तर ती ग्रामसेवकाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातातले बाहुले होईल,” असे म्हणतात. हा आक्षेप गंभीर आहे. सरपंचपतींचा कारभार आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. मात्र बी.ए. झालेल्या सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेलाही मी पाहिला आहे. आणि मराठवाड्यातल्या एका ग्रामपंचायतीची मासिक सभाही पाहिली आहे. तिथे एक सदस्य बाई अंगठा करणाऱ्या होत्या. ग्रामसेवकाने ठराव वाचून दाखवले, प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी फिरले. बाईंपुढे आले तेव्हा त्यांनी शाईचे पॅड बाजूला सारले आणि पानावर बोट ठेवले. दोन ठरावांच्या मधे चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. “इथं आडवी रेघ मारा, मग अंगठा घ्या,” त्या म्हणाल्या. मागाहून तिथे काय लिहिले जाते, हे त्यांना एकदा भोगून कळले होते. त्याच पानावर आधी सही केलेल्यांत दोन पदवीधर होते, त्यांनी ती जागा पाहिलीही नव्हती. यावरून मी निरक्षरतेचा गौरव करत नाही. त्या बाईंना वाचता आले असते तर त्यांनी आणखी दहा गोष्टी पकडल्या असत्या. पण लबाडी ओळखणे आणि ती थांबवण्याचे धाडस करणे, याचा पेपर आपल्या कोणत्याही विद्यापीठात नाही.

शिक्षणाचाच कारभार कोणी कसा केला, हेही तपासून पाहू. 1953 मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते राजाजी. वकील, विद्वान, इंग्रजी-तमीळवर असामान्य प्रभुत्व. त्यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पैसा आणि शिक्षक कमी होते, हे खरे. पण न्हाव्याच्या मुलाने न्हावीच राहावे असा तिचा अर्थ लोकांनी घेतला आणि राज्य पेटले. 1954 मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले. वडील गेल्यामुळे लहानपणीच शाळा सुटलेला हा माणूस. त्यांनी ती योजना गुंडाळली, खेडोपाडी शाळा काढल्या आणि मुलांसाठी दुपारचे जेवण सुरू केले. उपाशी पोराला शाळेत कशाने आणता येईल, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आपल्याकडे वसंतदादा पाटील. शाळा फारशी झाली नव्हती, पण चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी, वैद्यकीय महाविद्यालयांना 1983 मध्ये परवानगी दिली ती त्यांनीच. त्या निर्णयाने शिक्षण महाग केले असे माझे मत आहे आणि त्यावर मी कठोर लिहिलेही आहे. पण दादांना पदवी असती तर तो निर्णय वेगळा झाला असता, असे मानायला काहीही आधार नाही. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. आहेत आणि त्यांनी गाव उभे केले. त्यांना गावाने निवडले, कायद्याने नव्हे.

पदवीची अट प्रत्यक्षात काय करते, याचा प्रयोग शेजारी होऊन गेला आहे. पाकिस्तानात जनरल मुशर्रफ यांनी 2002च्या निवडणुकीत कायदेमंडळाच्या उमेदवारांना पदवी सक्तीची केली. मदरशांच्या सनदा पदवीच्या बरोबरीच्या धरल्या गेल्या. 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अट रद्द केली. पण पुढे 2010 मध्ये चौकशी झाली तेव्हा अनेक लोकप्रतिनिधींच्या पदव्या खोट्या निघाल्या. ज्ञान वाढले नाही, बनावट कागद वाढले.

आता शिपायाच्या प्रश्नाकडे येतो. शिपाई, तलाठी, जिल्हाधिकारी यांची नेमणूक होते. त्यांना निवडताना जनतेला कोणी विचारत नाही आणि पाच वर्षांनी काढताही येत नाही. तिथे अट हवीच, कडक हवी. आमदाराची परीक्षा मतदार घेतो. त्याला माहिती मिळावी म्हणून उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे नोंदवण्याचे बंधन 2003 पासून आहे. ज्याला पदवी महत्त्वाची वाटते त्याने ते वाचून मत द्यावे.

आपल्या हक्काच्या एका जागेबद्दलही बोलतो. विधान परिषदेत पदवीधरांचे सात मतदारसंघ आहेत. तिथे मतदार पदवीधर लागतो, पण उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच हे स्पष्ट केले आहे. म्हणजे पदवीधरांचे प्रतिनिधित्व करायलाही घटनेने पदवी मागितलेली नाही! या मतदारसंघांची नोंदणी दरवेळी नव्याने होते. आपल्या महाविद्यालयांतले किती माजी विद्यार्थी तो अर्ज भरतात आणि आपण स्वतः कितीदा भरला, याचा विचार प्रत्येकाने करावा.

निवडून आलेल्याला शिकवण्याची जबाबदारी मात्र टाळता येणार नाही, आणि ती आपली आहे. नवा सरपंच दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला येतो, जाडजूड पुस्तिका घेऊन जातो, आणि सोमवारी त्याच्यासमोर कर आकारणीचा नमुना 8 उघडलेला असतो. तालुक्याच्या गावातले आपले महाविद्यालय तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर असते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर चार पंचायतींबरोबर बसून अंदाजपत्रक मोठ्याने वाचून दाखवावे, ठरावांच्या ध्वनिफिती कराव्यात, ज्यांना अक्षरे शिकायची आहेत त्यांना संध्याकाळी शिकवावे. याला श्रेयांक द्यायला अभ्यासमंडळ अडवणार नाही, कारण अभ्यासमंडळांवर आपणच आहोत.

म्हणून आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात दोन ठराव यावेत, अशी माझी सूचना आहे. पहिला, सरपंच आणि सदस्यपदासाठीची सातवी उत्तीर्णची अट शासनाने रद्द करावी. दुसरा, पुढच्या अधिवेशनापर्यंत आपल्यापैकी प्रत्येक महाविद्यालयाने किमान एका ग्रामपंचायतीबरोबर हे काम सुरू करावे आणि त्याचा अहवाल इथे मांडावा. पहिल्या ठरावाला विरोध असणाऱ्यांनी तो जरूर मांडावा, त्यांना पुरेसा वेळ देण्याची जबाबदारी या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून माझी. दुसऱ्या ठरावावर मात्र मला सर्वांची सही हवी आहे.