कुलवृत्तांतातून राहिलेली नावे



ज्या शाळेत मी मराठीतून जीवशास्त्राचे पहिले धडे गिरवले, तिनेच आमच्या सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ लिहिण्यापूर्वी ‘निरीक्षण’ पुरे झाले का, असे सर नेहमी विचारीत. पुढे डॉक्टर झाल्यावर हा प्रश्न मी एकदा विसरलो. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

बीजांडकोशाच्या कर्करोगाने आजारी असलेली एक भगिनी माझ्याकडे आली होती. “आई, आजी, मावशी यांना हा विकार होता का?” मी विचारले. ती ‘नाही’ म्हणाली आणि ‘आनुवंशिकता नाही’ अशी नोंद करून मी मोकळा झालो. काही वर्षांनी रोग उलटला, तेव्हा जनुकतपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला. पुन्हा चौकशी करता कळले, की तिच्या दोन आत्या ऐन चाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ वारल्या होत्या. घरी छापील कुलवृत्तांत होता. त्यात काकांची जन्ममृत्यूच्या सनांसह माहिती होती. आत्यांची मात्र केवळ सासरची आडनावे. आणि तोवर तिच्या धाकट्या बहिणीलाही त्याच रोगाने गाठले होते.

हा दोष वडिलांकडूनही येतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आई वा वडील, ज्यांच्यात तो असेल त्यांच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली या जनुकाचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर दाखवले; १९९४ साली जनुक हाती आले. त्याचे काम दुरुस्तीचे. पेशीतील जनुकद्रव्याचे दोन्ही धागे तुटले, की ते सांधण्यास बीआरसीए लागते. एकच धागा तुटला, तर पार्प नावाचे विकर धावून येते. दोष वारशाने आलेल्या स्त्रीच्या निरोगी पेशीत त्या जनुकाची एक चांगली प्रत शिल्लक असते. कर्कपेशीत बहुधा तीही नाहीशी झालेली असते. अशा वेळी औषधाने पार्पला अडवले, तर कर्कपेशीचे दोन्ही कारागीर जातात आणि ती मरते. निरोगी पेशी तगून राहते. २००५ साली प्रयोगशाळेत दिसलेल्या या तत्त्वावरील ओलापरिब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पुढारलेला रोग व बीआरसीए-दोष असलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. केमोथेरपीनंतर ओलापरिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया तीन वर्षांनी रोग न बळावता जिवंत होत्या. औषधाविना हे प्रमाण २७ टक्के होते. हे औषध रामबाण नव्हे. त्याने रक्तक्षय होतो, क्वचित रक्ताचा कर्करोगही उद्भवतो. आणि दोष नसलेल्या स्त्रीला त्याचा लाभ पुष्कळच कमी. म्हणूनच तपासणी आधी हवी. घराण्यात कोणालाही रोग नसताना दोष सापडतो, हेही अनेकदा घडते. यास्तव बीजांडकोशाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात आज प्रत्येक स्त्रीला ही तपासणी सुचवली जाते.

एकीच्या रक्तातून मिळालेले उत्तर असे अनेकींचे असते. माझ्या त्या रुग्णभगिनीच्या भावाची मुलगी स्वतःहून तपासणीस आली. तिच्यात दोष निघाला. मुलेबाळे झाल्यावर, चाळिशीच्या आत, तिने बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून घेतल्या. आज ती सुखरूप आहे. तिच्या धाकट्या आत्याच्या बाबतीत मात्र माझा प्रश्न उशिरा विचारला गेला.

विद्यार्थीमित्रांनो, आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना आपल्या आत्या, आत्येआजी, मावश्या यांची नावे विचारा. त्या कोणत्या वयात, कशाने गेल्या, ते वहीत लिहून ठेवा आणि गरज पडेल तेव्हा ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. निरीक्षण पुरे करण्याचा सरांचा आग्रह त्यातून पाळला जाईल.